तीन दिवसांची सरासरी

शिंक येणार असं वाटलं की मी आधी पाय आवळते आणि मग शिंकते. चार वर्षांपासून हाच क्रम. शिंकेचं तरी बरं, ती आधी सूचना देते. पण बाजारातून आल्यावर दारात उभी राहून किल्ली शोधायला लागले, की कुलूप उघडायच्या आत साडी ओली झालेली असते. पुरुषांना हे समजत नाही आणि बायका बोलत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून सांगा, चारजणी चार तेलं सुचवतील. लघवी सुटते म्हणून सांगून बघा, ज्या खुर्चीवरून तुम्ही उठलात तिच्याकडे सगळ्या आधी बघतील. म्हणून मी आपली गुडघ्यांवर भागवायचे. लग्नाला का आली नाहीस, तर गुडघे. बतुकम्माला फुलांभोवती फेर धरायला खाली का उतरली नाहीस, तर गुडघे. माझे गुडघे खरं तर ठणठणीत आहेत.

हे असंच चाललं असतं, पण पल्लवीला सातवा महिना लागला. पल्लवी माझी एकुलती एक मुलगी, पुण्याला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं बीपी वाढलेलं, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तेव्हा मीच तिकडे जाऊन दोन महिने राहायचं असं सगळ्यांनी गृहीत धरलं. आठ-नऊ तासांची गाडी, आणि पोचल्यावर जावयाच्या, अविनाशच्या, घरी सासू-सासऱ्यांसकट पाच माणसांत एकच बाथरूम. मी फोनवर गुडघे पुढे केले. पल्लवी म्हणाली, "आई, बाळाला काय गुडघ्यांनी उचलतात?" मी काहीतरी सारवासारव केली. पुढच्या फोनला तिने विचारलं, "तू येतेस की नाही, एवढंच सांग." मी बघू म्हटलं. त्याच्या पुढच्या फोनला तिने विचारलंच नाही. हवापाणी झालं, भाजीचं झालं, ठेवते म्हणाली. त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही.

मी ह्यांना सांगितलं. छत्तीस वर्षांच्या संसारात एवढं अवघड वाक्य मी कधी बोलले नव्हते. आमचे हे, एकनाथराव, वीज खात्यातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं अंबरपेठ आणि नल्लकुंट्याच्या गल्ल्यांत मीटरचं रीडिंग घेतलं. एकाही रीडिंगवर कधी बोट ठेवायला जागा नव्हती, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कधीपासून?"

"चार वर्षं."

"मग तक्रार का नाही नोंदवली?"

मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांना कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घालून तयार होऊन बसले होते.

मलकपेठेतल्या एका दवाखान्यात अप्पाराव नावाचे डॉक्टर बसतात. तेलुगू माणूस, पण आमच्याशी दख्खनी हिंदीत बोलायचे. वय साठीचं, आवाज मऊ. त्यांनी आधी लघवी तपासायला पाठवली, मग सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत मागे किती उरतं ते बघितलं. दोन्ही ठीक होतं. मग लघवी तुंबलेली असताना मला एका कागदावर उभं करून नर्सने जोरात खोकायला सांगितलं. मी खोकले आणि कागद भिजला. नर्सने नुसती मान डोलावली. माझा मात्र जीव अर्धा झाला.

"फिकर नक्को करो अम्मा," डॉक्टर म्हणाले. "अब तीन दिन का हिसाब घर पे लिखना. कितना पानी पिये, कब गये, कितना आया, कब छूटा, सब. इसी पे आगे का चलता."

त्यांनी इंग्रजीत आखलेले तीन कागद आणि आकडे छापलेला एक प्लॅस्टिकचा जग दिला. मी हात पुढे करायच्या आत ह्यांनी दोन्ही उचललं. "रीडिंग माझ्याकडे," म्हणाले. छत्तीस वर्षांत माझ्या कुठल्या कामाला एवढा उत्साह दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खातं सुरू झालं. मी आत, हे बाहेर खुर्ची टाकून, नाकावर चष्मा, मांडीवर पॅड.

"बोल."

"दोनशे," मी हळूच म्हणायचे.

"दोनशे," हे मोठ्यांदा म्हणायचे, कारण एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने परत म्हणून लिहायचं अशी त्यांची पद्धत. आमच्या बाथरूमची जाळी शेजारच्या भाग्यलक्ष्मीच्या स्वयंपाकघराकडे उघडते. दुपारी ती गॅलरीतून म्हणाली, "क्या नाप रहे अक्का सुबह से? दूध?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मी आकडा सांगणं बंद केलं. हे पेपरात डोकं घालून बसले, की मी पावलांचा आवाज न करता जायची, जग तसाच कोरडा ठेवून बाहेर यायची. वाटलं, चार-दोन राहिल्या तर काय बिघडतं, हे कागदावरची तेवढी घरं रिकामी सोडतील. आणि एक गोष्ट आत्ता सांगते, तेव्हा सांगितली नव्हती. खोकल्याने सुटली की मी ह्यांना सांगायची. पण स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत पोचायच्या आत सुटली की फडक्याने फरशी पुसून गप्प बसायची. खोकल्याने झालं म्हटलं की तो खोकल्याचा दोष. धरवलं नाही म्हटलं की मी तीन वर्षांची पोर. साठीला आलेल्या बाईला ते कसं बोलवणार?

तीन दिवसांनी ह्यांनी कागद भरून, टाचून त्यांची वही करून दिली. माझ्याच लघवीचं रजिस्टर मी कशाला वाचू? मी पाहिलंही नाही.

अप्पाराव डॉक्टरांनी मात्र मन लावून पाहिलं. "बहोत साफ लिखे साब," म्हणाले, आणि आमचे हे खुर्चीत दोन बोटं उंच झाले. डॉक्टरांनी सांगितलं की वही आणि खोकल्याची तपासणी एकच गोष्ट सांगतात. दर तीन तासांनी जाणं, मोजमाप अगदी नेमस्त, आणि सुटते ती खोकल्यानेच. खालचा आधार सैल झालाय. एक बारीक पट्टी बसवायची, अर्ध्या तासाचं ऑपरेशन. चौदा तारीख. पुढे सहा आठवडे जड उचलायचं नाही.

मी बोटांवर मोजलं. चौदापासूनचे सहा आठवडे पल्लवीच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी संपत होते. नेमकं बसत होतं. माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी तिला फोन करून म्हटलं, "येते गं मी." ती म्हणाली, "गुडघे?" मी म्हटलं, "त्यांचा इलाज सापडला." एक खोटं सावरायला दुसरं.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांना गेले, तेव्हा डॉक्टर त्रिवेणी भेटली. अप्पारावांच्या हाताखालची, तिशीतली, अंबरपेठेतच वाढलेली. माझं नाव वाचून म्हणाली, "सुशीलाबाई, तुमी मराठी ना? आमी बी मराठीच. पण मला वाचता येत नाही हां, बोलायला तेवढं येतं." मला ती पोर लगेच आवडली. कागद भरता भरता तिने सहज विचारलं, "बाहेरून आलात आणि दाराला किल्ली लावली, की एकदम घाई होते काय?"

"होते की," मी म्हटलं. बोलून गेले तेव्हा कळलं काय बोलले ते.

"आणि नळ सोडला की?"

"तेव्हा पण."

तिने पेन खाली ठेवलं. "हे वहीत कुठंच नाही आंटी."

"राहिलं असेल," मी म्हटलं.

तिने मला समजावून सांगितलं. लघवी सुटण्याच्या दोन तऱ्हा. एकीत पिशवी शहाणी असते, पण खालची मूठ सैल, म्हणून खोकलं-शिंकलं की गळतं. दुसरीत पिशवीच उतावळी असते, भरायच्या आधीच आवळते. पट्टीचा उपयोग पहिल्या तऱ्हेला. दुसऱ्या तऱ्हेला पट्टी बसवली तर घाई तशीच राहते, कधी वाढतेसुद्धा. काही बायकांना दोन्ही असतं, मग जोर कशाचा आहे ते बघावं लागतं. त्यासाठी पिशवीतला दाब मोजायची तपासणी असते. "करून घेऊ. मी सरांना विचारते." आणि तिने विचारलं.

त्या तपासणीचं वर्णन कुणी माझ्याजवळ आधी केलं नव्हतं, म्हणून मी करते. अवघड वाटतं, पण फार दुखत नाही. खुर्चीसारख्या टेबलावर बसवतात. दोन बारीक नळ्या, एक पिशवीत, एक मागच्या बाजूने. पिशवीत हळूहळू पाणी सोडतात आणि समोरच्या पडद्यावर रेघा सरकत जातात. त्रिवेणी सांगत होती, पहिल्यांदा वाटलं की सांगा, मग जोरात वाटलं की सांगा. खोकायला लावलं, तेव्हा रेघ टोकासारखी वर उडाली आणि दोन-चार थेंब आले. तेवढंच. मग ती उठली आणि कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ सोडला.

"बंद कर गं," मी म्हटलं.

"खोकू नका, नुसत्या बसा."

मी नुसतीच बसले होते. पडद्यावरची एक रेघ आपोआप चढायला लागली, चढतच गेली, आणि मी पूर्ण भिजले. मला रडू फुटलं. त्रिवेणीने माझा हात धरला. "रडू नका आंटी. घरी चोरून होत होतं ते आज पकडलं आपण. याला इलाज आहे." ते 'आपण' मला फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी अप्पारावांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर एका बाजूला दाबाच्या तपासणीचा कागद, दुसऱ्या बाजूला ह्यांची वही. त्रिवेणी मागे उभी. डॉक्टर बराच वेळ ह्या कागदाकडून त्या कागदाकडे बघत होते.

"दोनों अलग बोल रहे," ते म्हणाले. "मशीन बोलती पिशवी उतावळी. आपकी वही बोलती एकदम शांत. अब देखो, नळी लगाके अनजान जगा बैठाये तो कोई भी घबराता. कभी कभी लकीर वैसीच उठ जाती. आधे घंटे की मशीन से घर के तीन दिन ज़्यादा सच्चे, मैं हमेशा बोलता. और इतनी अच्छी वही कोई नहीं लाता." त्यांनी वहीवर हात ठेवला. "चौदा तारीख रहने देते."

त्रिवेणीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. सरळ सांगते, मी बोलणार नव्हते. बोलले तर चौदा तारीख जाणार, तारीख गेली की पल्लवीकडे जाणं गेलं, आणि वर त्या परक्या माणसासमोर फडक्याने पुसलेली फरशी सांगायची. पट्टी बसवून टाकू, लागली तर लागली, असा विचार माझ्या मनात पक्का झाला होता. माझं शरीर, आणि मीच त्याच्यावर जुगार खेळत बसले होते.

तेव्हा शेजारची खुर्ची सरकली. हे उभे राहिले होते.

"सर, वो रीडिंग नहीं है," हे म्हणाले. "सरासरी आहे."

डॉक्टरांना कळेना. ह्यांचा चेहरा पडला होता, पण थांबले नाहीत; मराठीतच बोलत राहिले आणि त्रिवेणी डॉक्टरांना दख्खनीत सांगत गेली. मीटर घराच्या आत असतो आणि दाराला कुलूप असतं, तेव्हा मागच्या महिन्यांची सरासरी काढून आकडा टाकायचा, हा खात्याचा नियम. घर रिकामं सोडायचं नाही. "हिनं पहिल्या दिवशी दुपारपासून आकडा सांगायचं बंद केलं. आत जायची, दार लावून घ्यायची, जग कोरडा. मला कळत होतं. विचारायचं कसं, ते कळत नव्हतं. मग मी सकाळच्या चार रीडिंगांची सरासरी काढली आणि दर तीन तासांनी टाकत गेलो."

"कितने असली हैं इसमें?"

"चार."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बत्तीस वर्षं रीडिंगची फुशारकी ऐकली, आणि माझ्या पोटाचा आकडा ह्या माणसाने खुर्चीत बसून ठरवला. मी काही बोलणार, तेवढ्यात ह्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला.

"ही कच्ची नोंद. पक्क्या कागदावर नाही घेतली. हिला वाईट वाटेल म्हणून." कागदावर तीन ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत उभ्या रेघा, शेजारी वेळ. "दार किती वेळा लागलं, ते आहे."

डॉक्टरांनी मोजलं. पहिल्या दिवशी तेरा, दुसऱ्या दिवशी पंधरा, तिसऱ्या दिवशी चौदा. सकाळी पाच पस्तीसची रेघ होती. पाच पन्नासची पण होती. मी पावलांचा आवाज न करता जात होते, आणि हा माणूस पेपर समोर धरून प्रत्येक वेळी घड्याळ बघत होता.

माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माझं पण लिहून घ्या. खोकल्याने दिवसातून एकदा, फार तर दोनदा. बाकीचं सगळं बाथरूमच्या वाटेवर. मी पुसून टाकत होते." एवढं बोलायला मला चार वर्षं लागली, आणि बोलून झालं तेव्हा खोलीत काहीच कोसळलं नाही. त्रिवेणीने टेबलावरचा टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला, एवढंच.

अप्पारावांनी चष्मा काढून डोळे चोळले. हसत होते की काय, कळेना. मग माझ्या फाइलवरच्या चौदा तारखेवर काट मारली. "फिर से तीन दिन. इस बार अम्मा खुद लिखेंगे."

मी लिहिलं. मराठी आकड्यांत, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात, एकही जागा न गाळता. ऐंशी, नव्वद, सत्तर, वाटेत सुटली, एकशेदहा, नळ सोडल्यावर सुटली. ह्यांनी ते इंग्रजीत उतरवलं, आकड्याला हात न लावता. ही वही आणि मशीनचा कागद शेजारी ठेवले तेव्हा दोन्ही एकाच तोंडाने बोलत होते. खोकल्याचं थोडं, उतावळेपणाचं पुष्कळ. ऑपरेशन आत्ता नको. एक गोळी, चहा सहा कपांवरून दोनवर, खालचे स्नायू आवळायचा व्यायाम दिवसातून तीनदा, आणि घाई झाली की लगेच पळायचं नाही, आधी पाच मिनिटं थांबायचं, मग दहा. डॉक्टरांनी पूर्ण जाईल असं सांगितलं नाही. काबूत येईल म्हणाले.

पाच मिनिटं म्हणजे काय असतात, ते थांबणाऱ्याला विचारा. पहिल्या आठवड्यात मी ओट्याला धरून उभी राहायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. मग हे येऊन शेजारी उभे राहायचे आणि अंबरपेठेतली त्यांची जुनी गल्ली म्हणून दाखवायचे. कोपऱ्यावर पिठाची गिरणी, तिच्यानंतर प्रतापरावांचं घर, मीटर जिन्याखाली, तिथे कुत्रं. मग शिवणकामवाली, मीटर मोरीत. असं घरामागून घर. पहिल्या दिवशी मी कुत्र्यापर्यंत टिकले. तिसऱ्या आठवड्यात अख्खी गल्ली संपून चौक लागला, तेव्हा ह्यांनाच पुढची घरं आठवेनात.

चार आठवड्यांनी दिवसाच्या चौदा फेऱ्यांच्या नऊ झाल्या. वाटेत सुटणं दोन-तीन दिवसांतून एकदा. परवा भाजी घेऊन आले, किल्ली काढली, कुलूप उघडलं, आत जाऊन पिशवी ठेवली आणि मग गेले. कोरडी. भाजी फ्रिजमध्ये ठेवताना मी एकटीच हसत होते.

त्याच दुपारी पल्लवीला फोन लावला. म्हटलं, "माझे गुडघे कधीच दुखत नव्हते," आणि सगळं सांगितलं. किल्लीचं, फरशीचं, खुर्चीचं, बाबांच्या सरासरीचंसुद्धा. अजून अधूनमधून होतं, हेही सांगितलं.  

"चार वर्षं?" ती म्हणाली. "आणि मी तुला किती बोलले." मग रडायला लागली. मी रडू दिलं. थोड्या वेळाने तिचा आवाज एकदम बारीक झाला, कुणी ऐकेल म्हणून तोंडावर हात धरून बोलावं तसा. "आई, मला पण होतंय. सातव्या महिन्यापासून. हसले तरी होतं. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलं. इथे सगळ्यांना वाटतं मी खोलीतून मुद्दाम बाहेर येत नाही."

"अविनाशना सांगितलंस?"

"नाही."

"डॉक्टरला?"

"काय म्हणून सांगू?"

मला तिचा राग नाही आला, माझा आला. हे न बोलणं ती माझ्याकडूनच शिकली होती. बाकीचं सगळं शिकवताना तेवढं मी न शिकवता शिकवलं होतं.

"मी रविवारच्या गाडीने निघते," मी म्हटलं. "बाबा सोडायला येतायत. वाटेत झालं तर झालं, बदलायला साड्या घेतल्यात. पण तू रविवारची वाट बघायची नाही. उद्या तपासणीला जातेस ना, तिथे सांगायचं. गरोदरपणात पुष्कळ जणींना होतं म्हणे, आणि व्यायाम आत्तापासून करता येतो, पण सांगितल्याशिवाय कोण शिकवणार? तोंडातून शब्द निघाला नाही तर माझ्यापासून सुरू कर. म्हणायचं, माझ्या आईला आहे."

पलीकडे नाक पुसल्याचा आवाज आला. 

"हौ," ती म्हणाली. पुण्याला गेल्यापासून तिच्या तोंडून आमच्याकडचा हा होकाराचा 'हौ' मी ऐकला नव्हता.